फिरंगीवरची एक ओळ

मराठीत लिलावाला दोन शब्द आहेत आणि दोन्ही बाहेरून आलेले. 'हर्रास' अरबी-फारसीच्या वाटेने आला, 'लिलाव' पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर किनाऱ्याला लागला. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात एक तलवार विकली गेली, तेव्हा 'लिलाव' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी बोलला गेला. तलवार नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची. पाते युरोपीय घाटाचे, सरळ, एका धारेचे; अशा तलवारीला फिरंगी म्हणतात. मूठ इकडची, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम. पात्यावर पाठीलगत देवनागरीत एक ओळ कोरलेली: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळवली, सगळ्या खर्चासह ४७ लाख १५ हजार रुपये मोजले, आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. स्वागत झाले, प्रदर्शन भरले, वर्तमानपत्रांत आकडा छापून आला. या सगळ्यात कमी बोलले गेले ते त्या एका ओळीबद्दल. ती ओळ नसती तर ती तलवार अठराव्या शतकातली एक चांगल्या घडणीची दख्खनी फिरंगी एवढीच उरली असती. कॅटलॉगमध्ये तिला एक क्रमांक मिळाला असता, एखाद्या हौशी संग्राहकाने ती नेली असती, आणि नागपुरात किंवा मुंबईत कुणाला पत्ताही लागला नसता. शासनाने पैसे दिले हे खरे. पण ती ओळखली गेली आणि मागता आली ती पात्यावर कोरून ठेवलेल्या नोंदीमुळे. या लेखात मांडायचे ते एवढेच आहे: लिलावात आलेल्या वस्तूवर आपला हक्क उभा राहतो तो नोंदीवर, आणि बोलीचा प्रश्न त्यानंतर येतो. आपण हा क्रम उलटा लावून बसलो आहोत, आणि त्याची किंमत मोजतो आहोत.

हे नीट समजण्यासाठी लिलावाकडे जरा मागे जाऊन पाहावे लागते. लूट आधी झाली आणि पुढे कधीतरी तिचा व्यापार झाला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात लिलाव हे लुटीचेच अंग होते. गड किंवा शहर पडले की सैन्यातले 'प्राइझ एजंट' नेमले जात. ते खजिना, दागिने, शस्त्रे ताब्यात घेत, मोल ठरवत, विकत, आणि येणारी रक्कम हुद्द्याप्रमाणे वाटत. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा लुटीची मोजदाद ११ लाख पौंडांच्या वर गेली. टिपूचे सोन्याच्या पत्र्याने मढवलेले सिंहासन वाटणीच्या सोयीसाठी फोडले गेले. त्याच्या कठड्यावरची रत्नजडित वाघमुखे आज जगभर विखुरली आहेत ती त्यामुळे. एका सैनिकाच्या हातात पडलेली वस्तू ही लूट असते. पण पुकारा करून, बोली लावून, पावती देऊन विकलेली तीच वस्तू मालमत्ता होते. हातोडा पडला की आधीचा मालक कागदावरून पुसला जातो आणि नवा मालक 'चांगल्या विश्वासाने घेणारा' ठरतो. पुढच्या दोनशे वर्षांतल्या प्रत्येक कॅटलॉगमधला मालकीचा माग या पहिल्या खरेदीदारापासून सुरू होतो. त्याच्या आधीचा माणूस त्या यादीत फार तर शोभेपुरता येतो, वस्तूचे मोल वाढवणारे नाव म्हणून.

आपल्याकडची याची सर्वांत बोलकी उदाहरणे १८१८ भोवती आहेत. नाशिकच्या नावाने जगभर ओळखला जाणारा 'नासक' हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातला मानला जातो. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस तो दुसऱ्या बाजीरावाकडून कंपनीच्या हाती गेला आणि दख्खनच्या लुटीचा भाग म्हणून लंडनला विकला गेला. तिथल्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले, तेव्हा तो ८०.५९ कॅरट भरला. १८३७ च्या लिलावात तो ७,२०० पौंडांना वेस्टमिन्स्टरच्या उमरावाकडे गेला. विसाव्या शतकात न्यू यॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापला आणि ४३.३८ कॅरटवर आणला. १९७० मध्ये तिथल्याच लिलावात त्याला ५ लाख डॉलर आले. म्हणजे आज कुणी तो हिरा परत आणायचे म्हटले तरी देवापुढे जो होता तो आता अस्तित्वात नाही. तलवारीवर नाव कोरता येते, हिऱ्यावर येत नाही. त्याची ओळख त्याच्या घाटात आणि वजनात असते, आणि नेमके तेच बाजार बदलून टाकतो. जवाहिराच्या बाबतीत म्हणूनच लेखी नोंदीचे मोल इतर कुठल्याही वस्तूपेक्षा अधिक आहे.

न्यायालयात दाद मागावी, तर त्या काळी तेही करून झाले होते. रायगडाच्या किल्लेदाराने मे १८१८ मध्ये गड खाली केला तो खासगी मालमत्तेला हात लागणार नाही या कराराने. पुढे पुण्यात त्याच्याकडचे द्रव्य कंपनीच्या अधिकाऱ्यांनी काढून घेतले. त्याच्या मागे मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात थेट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवर दावा लावला आणि तो जिंकला. मात्र १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. जप्ती युद्धाच्या ओघात झालेली असल्याने साध्या दिवाणी न्यायालयाला तिच्यात लक्ष घालण्याचा अधिकारच नाही, असे तिचे म्हणणे. लूट योग्य की अयोग्य हा प्रश्न न्यायासनापुढे येऊच नये, अशी ती व्यवस्था होती. आणि जिथे युद्धही झाले नाही तिथे काय झाले, हे नागपूरने पाहिले. तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले, आणि पाठोपाठ राजवाड्यातल्या चीजवस्तू लिलावात निघाल्या. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवले गेले. बांकाबाई आणि राजघराण्यातल्या इतर स्त्रियांनी विरोध केला, त्याचा उपयोग झाला नाही. जॉन के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या उठावाच्या इतिहासात ही विक्री नोंदवली आहे, आणि राज्य घेतल्याने जेवढे मन दुखावले त्याहून अधिक या विक्रीने दुखावले, असे मतही दिले आहे. रघुजींची तलवार १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर गेली असावी असा अंदाज २०२५ मध्ये मांडला गेला. तो अंदाजच आहे. सीताबर्डी, राजवाड्याचा लिलाव, कुणाला दिलेला नजराणा, अशा तीन-चार वाटा संभवतात, आणि त्यांतली एक निवडून देणारा कागद तलवारीबरोबर आलेला नाही.

उलट कागद किंवा फोटो असला की काय होते, याचे दाखले तामिळनाडूने दिले आहेत. तंजावरजवळच्या पाथूर गावी १९७६ मध्ये जमिनीत सापडलेला नटराज हातोहात लंडनला पोचला आणि एका कॅनडियन कंपनीने तो अडीच लाख पौंडांना घेतला. खटला उभा राहिला. मूर्ती त्याच मंदिराची हे पुराव्याने शाबीत झाले, आणि १९८८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने निकाल मंदिराच्या बाजूने दिला. १९९१ मध्ये अपिलातही तोच टिकला. ओस पडलेल्या देवळातल्या देवाचा हक्क एका परक्या देशाच्या न्यायासनाने मान्य केला. पुढे श्रीपुरंधान गावच्या देवळातला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतला. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने देवळादेवळांतून फिरून काढून ठेवलेल्या फोटोंत तो होता. फोटो पुढे आला आणि २०१४ मध्ये मूर्ती परत आली, एक पैसा न देता. नालंद्याच्या संग्रहालयातून १९६१ मध्ये चोरीला गेलेली बाराव्या शतकातली बुद्धमूर्ती २०१८ मध्ये युरोपातल्या कला-व्यापाराच्या मेळाव्यात जाणकारांच्या नजरेस पडली. चोरीची नोंद होती, जुने फोटो होते, म्हणून ती त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडनच्या पोलिसांनी भारताच्या स्वाधीन केली. या तिन्ही ठिकाणी कुणी बोली लावली नाही. बोली लावली असती तर ती चूक ठरली असती, कारण चोरीच्या मालाला सरकारने भाव देणे म्हणजे चोराच्या धंद्याला भांडवल पुरवणे.

आता पहिला आक्षेप. हे सगळे अलीकडच्या चोऱ्यांबाबत ठीक, पण १८१८ किंवा १८५४ मध्ये गेलेल्या वस्तूंचे काय? तिथे नोंद असून तरी उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे. युनेस्कोचा १९७० चा करार मागच्या काळाला लागू होत नाही. आपला पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अमलात आला १९७६ मध्ये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही हे तो सांगतो, पण त्याआधी गेलेल्या वस्तूपुढे तो हतबल आहे. अशा वस्तूला सरकारने बोली लावणे हा कधी कधी उरलेला एकच मार्ग असतो, आणि रघुजींच्या तलवारीसाठी तो पत्करला याचे मी समर्थनच करीन. मोजलेली रक्कम राज्याच्या आवाक्यातली होती, गाजावाजा खरेदीनंतर झाला, आणि वस्तू सार्वजनिक मालकीची झाली. मात्र हा पायंडा झाला तर काय होईल, याचा अंदाज टिपूच्या शयनगृहातल्या तलवारीवरून यावा. २०२३ मध्ये बॉनहॅम्स या लिलावगृहाने तिचा अंदाज १५ ते २० लाख पौंड दिला होता, हातोडा पडून शुल्क धरता ती १ कोटी ४० लाख पौंडांवर गेली. एखादे राज्य भावनेपोटी हवे ते मोजायला तयार आहे हे बाजाराला कळले, की इतिहासातले प्रत्येक मोठे नाव किमतीच्या पुढचे शून्य होते. मग नावे चिकटवणारेही पुढे येतात. खरी नोंद हाताशी असेल तरच खोटी ओळखता येते.

जुन्या लुटीपुढेही नोंदीचा उपयोग होतो, हे पिप्रहव्याने दाखवले. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहव्याचा स्तूप विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने १८९८ मध्ये खणला. आत दगडी पेटी, अस्थी, आणि त्यांच्याबरोबर वाहिलेली सुमारे १,८०० रत्ने, मणी आणि सोन्याची फुले. एका करंड्यावर ब्राह्मी लेख होता, तो या अस्थी शाक्यांच्या बुद्धाच्या असल्याचे सांगणारा. अस्थी सयामच्या राजाला दिल्या गेल्या, बरीचशी रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली, आणि 'दुबार नमुने' म्हणून एक हिस्सा पेपे यांच्याकडे राहिला. त्यांच्या वारसांनी तो मे २०२५ मध्ये हाँगकाँगला सदबीजकडे विक्रीस ठेवला. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी हरकत घेतली, ७ मेचा लिलाव थांबला. नोटीस टिकली ती उत्खननाचा अहवाल, लेखाचे वाचन आणि वाटणीचा कागद सव्वाशे वर्षे जपलेला होता म्हणून. अखेर जुलैत गोदरेज उद्योगसमूहाच्या साह्याने ती रत्ने भारतात आली, आणि मोठा भाग पाच वर्षांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्याचे ठरले. हा तोडगा सगळ्यांना रुचला नाही. पवित्र अवशेषांसाठी पैसे का मोजायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या उलट बाजूला खुल्या लिलावात तीनशेहून अधिक मण्यांची उधळण होती. ब्रिटनही याच वाटेने जातो. टिपूच्या सिंहासनाचे एक वाघमुख देशाबाहेर जाऊ लागले तेव्हा २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याची निर्यात रोखली, १५ लाख पौंडांत एखाद्या ब्रिटिश संस्थेने ते घ्यावे म्हणून. श्रीरंगपट्टणची लूट ब्रिटनला आपला वारसा वाटते, आणि तो राखायला त्यांच्याकडे यादी आहे, तज्ज्ञांची समिती आहे, मुदत आहे. आपल्याकडे बातमी येते ती लिलावाच्या आदल्या आठवड्यात.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाने प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. ज्या रघुजींची तलवार आपण मिरवत आणली, त्यांच्याच फौजांनी १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या, आणि तिकडच्या लोकस्मृतीत 'बर्गी' हा शब्द आजही धास्तीचा आहे. लूट आपणही केली. मग इंग्रजांच्या लुटीबद्दल बोलायचा आपल्याला काय अधिकार? उत्तर असे की हक्काचा आधार पूर्वजांचा सच्चेपणा हा नसतोच. मुर्शिदाबादहून किंवा कटकहून आलेली एखादी वस्तू नागपूरच्या जुन्या यादीत सापडली, तर तीही त्याच नोंदीने बंगालला किंवा ओडिशाला दाखवता आली पाहिजे. नोंद दोन्ही बाजूंनी वाचता येते. तलवारीशेजारच्या फलकावर सेनासाहेब सुभ्याच्या पराक्रमाबरोबर बंगालची ती वर्षेही लिहिली गेली, तर आपली मागणी कमी होणार नाही, भारदस्त होईल.

आणि सगळेच काही बंदुकीच्या धाकाने गेले नाही. बडोद्याच्या गायकवाडांचा सात सरांचा मोत्यांचा हार जगप्रसिद्ध होता. २००७ मध्ये न्यू यॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात आला तो दोन सरांचा, आणि त्याला ७० लाख डॉलरहून अधिक आले. खंडेरावांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा २००९ मध्ये दोह्यात ५४ लाख डॉलरना गेला. या वस्तू स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणि नंतर देशाबाहेर गेल्या, राजघराण्यातल्याच माणसांच्या हातून. राज्य विलीन होताना संस्थानची मालमत्ता कोणती आणि खासगी कोणती, याची काटेकोर यादी झाली असती तर वाद तरी घालता आला असता. याउलट निजामाच्या दागिन्यांचे. ते लिलावात निघाले, न्यायालयाने अडवले, आणि वर्षानुवर्षांच्या खटल्यानंतर १९९५ मध्ये केंद्र सरकारने १७३ नग २१८ कोटींना घेतले, १८४.७५ कॅरटच्या जेकब हिऱ्यासह. संग्रह एकसंध राहिला हे मोठेच काम झाले. मात्र तेव्हापासून तो बहुतेक काळ रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहे, आणि लोकांनी पाहिला तो मोजक्या प्रदर्शनांत. विकत घेऊन कुलपात ठेवणे हे लिलावानंतर होऊ शकणाऱ्या वाईट गोष्टींतले सर्वांत सौम्य, पण वाईटच.

तिसरा आक्षेप घरोघरचा आहे. यादी केली की सरकार येईल, वस्तू उचलेल, नाहीतर चोर येईल. १९७२ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली, पण नोंदवणाऱ्याला त्याच्या बदल्यात काही दिले नाही. त्यामुळे लोक जुनी मूर्ती, जुनी शस्त्रे दडवून ठेवतात आणि दडवलेली वस्तूच सर्वांत सहज बाजारात जाते, कारण ती हरवल्याची तक्रार करायलाही मालक धजत नाही. या भीतीवर उपाय कायद्यात आहे: नोंदवलेली वस्तू मालकाकडेच राहते, ती देशात विकायचीही मुभा आहे, फक्त हस्तांतर कळवावे लागते. हे कुणी गावात जाऊन सांगत नाही. देशात सुमारे ५८ लाख पुरावशेष असावेत असा अंदाज संसदेच्या समितीपुढे २०२३ मध्ये मांडला गेला. त्यांतल्या १६ लाख ८० हजारांची नोंद झालेली होती. उरलेल्या प्रत्येक वस्तूसाठी पाथूरसारखा खटला लढायचा झाला तर पुराव्याच्या रकान्यात कोरी जागा आहे.

महाराष्ट्रात ही कोरी जागा भरण्याची सामग्री मात्र आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि त्यांत जामदारखान्याचे हिशेबही आहेत: दागिना कोणता, खडे किती, वजन काय, कुणाला दिला, केव्हा परत आला. जुन्या कारकुनांनी ज्या बारकाईने तन्मण्याचे मोती आणि शिरपेचातल्या पाचू मोजल्या, तेवढी बारकाई आजच्या कुठल्याही कॅटलॉगात सापडणार नाही. हे कागद वाचणारे हात कमी आहेत; एका तलवारीच्या खर्चात किती मोडी वाचकांना वर्षभर कामावर ठेवता येईल, हा हिशेब सांस्कृतिक खात्याने एकदा मांडावा. उदाहरण वाघनखांचे: २०२४ मध्ये ती लंडनहून तीन वर्षांसाठी आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती शिवरायांचीच याची खात्री देता येत नाही, असे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतः सांगते, कारण कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ याचे नाव आणि हकिगत आहे ती पेटीवर. वस्तूवर काही कोरलेले नाही. वाद मिटवील असा पुरावा असलाच तर तो दफ्तरातच असेल.

आणि राजवाड्यांच्या पलीकडे गावोगावची देवळे आहेत. खंडोबाचे पितळी मुखवटे, देवघरातले चांदीचे टाक, समया, देवीच्या अंगावरचे जुने दागिने. हे मुंबईच्या जुन्या बाजारातून शोभेच्या वस्तू म्हणून परदेशी दिवाणखान्यांत जातात, किंवा सराफाकडे मोड म्हणून वितळतात. यांच्यासाठी कुठले सरकार लंडनला माणूस पाठवणार नाही. म्हणून ही विनंती या अंकाच्या प्रत्येक वाचकाला, विशेषतः देवस्थानांच्या विश्वस्तांना: येत्या उत्सवात देवाचे दागिने आणि मूर्ती बाहेर काढाल तेव्हा प्रत्येक वस्तूचा पुढून, मागून आणि खालून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, वजन करा, तारीख घाला, दोन पंचांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत गावाबाहेर, पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात किंवा विद्यापीठात ठेवा.